वाऱ्याच्या भारस्थिती (निवासी इमारती)

वारा कोणत्या बाजूने येईल, भिंतीला ढकलेल की ओढेल आणि त्या वेळी इमारतीवर आणखी कोणते भार असतील, याची आराखड्यासाठी धरलेली एकेक शक्यता म्हणजे वाऱ्याची भारस्थिती. इंजिनीअरांच्या बोलण्यात ‘विंड लोड केस’.

भारतात ही गणिते आयएस ८७५ (भाग ३) : २०१५ या मानकानुसार होतात. जमिनीपासून १० मीटरवर, ३ सेकंदांचा झोत, साधारण ५० वर्षांतून एकदा येणारा, हा मूळ वेग. मुंबईला तो सेकंदाला ४४ मीटर, पुण्याला ३९. उंची, परिसर, टेकडी यांचे गुणक लावून मिळालेल्या वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब चौरस मीटरला न्यूटनमध्ये मिळतो; सुमारे ९.८ न्यूटन म्हणजे एक किलोचे वजन. सगळे गुणक १ धरले तर मुंबईत चौरस मीटरला सुमारे ११८ किलो, पुण्यात ९३. वेगात फरक पाचाचाच, पण तो वर्गात जातो.

समोरच्या भिंतीवर दाब, तर मागच्या व बाजूच्या भिंतींवर ओढ असते. घरातल्या हवेचाही दाब किंवा ओढ धरावी लागते. त्यासाठी वरच्या दाबाला एका गुणांकाने गुणतात (अधिक म्हणजे दाब, उणे म्हणजे ओढ). खिडक्या-दारे जितकी मोठी तितका हा गुणांक वाढतो : ±०.२, ±०.५, ±०.७. चार दिशा आणि आतले दोन प्रकार मिळून आठ स्थिती इथेच होतात. वारा आणि भूकंप मात्र एकाच वेळी धरत नाहीत.

आरसीसी इमारतीत या स्थिती इतर भारांशी जोडतात : स्वभार (इमारतीचे स्वतःचे वजन) व वारा प्रत्येकी १.५ पट, किंवा स्वभार, वापराचा भार व वारा प्रत्येकी १.२ पट. नवशिके हमखास विसरतात ती तिसरी : स्वभार ०.९ पट, वारा १.५ पट. इमारतीचे वजन इथे वाऱ्याविरुद्ध आपल्या बाजूने असते, म्हणून ते मुद्दाम कमी धरायचे. उलथण्याची आणि पायाखाली ताण येण्याची, म्हणजे पाया वर ओढला जाण्याची भीती याच स्थितीत कळते. माथ्याचे डोलणे उंचीच्या पाचशेव्या भागात राहावे लागते. ३० मीटरला ६० मिलिमीटर.

बैठ्या घरात खरा प्रश्न छपराचा. पत्र्याचे वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो आणि वरची ओढ शंभरावर जाऊ शकते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत पत्रे आणि कौले उडाली. अशा घरात पत्रा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली आहे का, हे आधी पाहावे लागते.