आजारातून उठल्यावर दम लागतो? हृदय व फुफ्फुसांच्या क्षमता-चाचण्यांविषयी माहिती

कोविड, फ्ल्यू किंवा डेंगीसारख्या विषाणूजन्य आजारातून उठून महिना-दीड महिना झाला, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी दोन्ही व्यवस्थित आले, तरी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा कठडा धरून उभे राहावे लागते, अशी तक्रार सोलापुरातील आमच्या केंद्रात नेहमी ऐकू येते. अशा वेळी रिपोर्ट चुकीचा नसतो आणि रुग्णही उगाच कुरकुरत नसतो. त्या तपासण्या शरीर विश्रांतीत असताना झालेल्या असतात. दम मात्र श्रम करताना लागतो. म्हणून शरीराला मोजूनमापून श्रम देऊन पाहावे लागते.

सुरुवात साध्या चाचणीने करावी, असे आमचे मत आहे. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत 30 मीटरच्या सपाट मार्गिकेवर, दोन टोकांच्या शंकूंना वळसा घालत, न धावता जमेल तितके अंतर चालायचे असते. मध्ये थांबता येते, घड्याळ मात्र थांबत नाही. दम किती लागला हे 0 ते 10 या अंकांत सांगायचे असते आणि बोटावरील ऑक्सिमीटर प्राणवायूची पातळी दाखवत असतो. ती 4 टक्के किंवा अधिक घसरली, तर डॉक्टर त्याकडे गांभीर्याने पाहतात. हे यंत्र बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावर चालते, त्यामुळे नेलपॉलिश काढून यावे आणि सूत रंगवण्याचे काम करणाऱ्यांनी बोटांना रंग लागलेला असल्यास आधी सांगावे.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकरीवरून फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीत, नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घेऊन, नळीत एका दमात जोराने फुंकायचे असते. ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ असे तंत्रज्ञ मोठ्याने म्हणतात ते रागाने नव्हे. फुंकर साधारण सहा सेकंद टिकावी लागते आणि असे किमान तीन चांगले प्रयत्न लागतात. गरज वाटल्यास श्वासनलिका रुंदावणारे औषध ओढायला देऊन 15 मिनिटांनी चाचणी पुन्हा घेतली जाते. सोलापुरात या चाचणीचा अर्थ लावताना विशेष काळजी घ्यावी लागते. ज्यांनी वीस-वीस वर्षे यंत्रमागावर कापसाच्या धुळीत किंवा विड्या वळताना तंबाखूच्या धुळीत काढली आहेत, त्यांचे आकडे आजारापूर्वीच कमी असू शकतात, आणि सगळा दोष गेल्या महिन्यातील तापावर टाकला तर मूळ दुखणे तसेच राहते. म्हणून जुना रिपोर्ट असल्यास, तो कितीही चुरगळलेला असला तरी, सोबत आणावा.

ट्रेडमिलवरील चाचणीत, प्रचलित ब्रूस पद्धतीनुसार, ताशी 2.7 किलोमीटर वेग आणि 10 टक्के चढ यांपासून सुरुवात होऊन दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढत जातात. तोंडावर मास्क लावून प्रत्येक श्वासातील वायूंचे मोजमाप करणारी सविस्तर चाचणी अधिक खर्चाची आहे. अडचण हृदयाची, फुफ्फुसांची की पडून राहिल्याने अशक्त झालेल्या स्नायूंची, हे उमगायला तिची मदत होते, पण ती सरसकट सर्वांना लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय आम्ही ती करत नाही.

ताप, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काही असल्यास आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जावे. हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे निदान झालेल्यांना सहसा तीन ते सहा महिने जड श्रम वर्ज्य असतात. त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीविना चाचणी करू नये. थोड्याशा कामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळल्यासारखे होत असेल, तर तेही आधी सांगावे, कारण अशांना पूर्ण ताकदीने पळवणे अपायकारक ठरू शकते.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (उंच, जड काठ्या) पेलणाऱ्यांनी सराव सुरू होण्यापूर्वीच यावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळची वेळ घ्यावी. जेवण दोन तास आधी आणि हलके असावे. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. चालण्याच्या चाचणीला साडी चालते, ट्रेडमिलसाठी मात्र सलवार-कमीज आणि पायात घट्ट बसणारे बूट असावेत.