जखमेलाही वाफसा लागतो

गेल्या ऑक्टोबरात निफाडजवळ नातेवाइकांच्या द्राक्षबागेत होतो. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू होती. माझ्या समोरच्या ओळीतल्या ताईंची कात्री निसटली आणि डाव्या तर्जनीच्या टोकाची नखाएवढी साल निघाली. रक्ताची धार लागली. एक जण चहापत्ती आणायला धावला, एका मावशींनी बांधावरचा दगडीपाला चुरगळायला घेतला. मी धुतलेला रुमाल घडी करून बोटावर घट्ट दाबला, हात वर धरायला सांगितला आणि दहा मिनिटं सोडला नाही. थांबलं का, म्हणून मध्येच उघडून बघायचं नसतं. तेवढ्या वेळात रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत असतात आणि त्यांच्याभोवती फायब्रिन या प्रथिनाचे धागे विणले जात असतात. कापड उचकटलं की ते जाळं तुटतं.

मग नळाच्या पिण्याच्या पाण्याखाली बोट चांगलं धुतलं. बांधायला पट्टी हातात घेतली तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "बांधू नका, हवा लागू द्या. लवकर वाळेल."

वाळेल हे खरं. पण वाळणं आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा लेख त्यासाठीच लिहितोय.

जखम भरते म्हणजे कडेच्या कातडीतल्या पेशी चालत मध्यभागी येतात. एरवी या केरॅटिनोसाइट पेशी शेजारणींना आणि खालच्या पडद्याला खिळलेल्या असतात. जखम झाली की काही तासांत त्या हे खिळे सोडवतात, चपट्या होतात आणि पुढच्या बाजूने पातळ पापुद्रा पसरत सरकू लागतात. मागच्या पेशी विभागून नवी कुमक पाठवतात. उथळ जखमेत केसांच्या मुळांतूनही पेशी वर येतात. समोरून येणाऱ्या पेशी भेटल्या की चाल थांबते.

पण पेशी ओलीतच चालते. जखम उघडी राहिली की वरचा थर सुकून खपली होते आणि तिच्याखालची थोडी जिवंत ऊतीही वाळते. मग पेशींना खाली बुडी मारून ओल शोधावी लागते. वाटेतलं फायब्रिन प्लाझ्मिनने विरघळवत, कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) कोलॅजिनेजने कापत, म्हणजे विकरांच्या मदतीने, त्यांना बोगदा खणावा लागतो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही पॉलिथिनने झाकल्या, काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्यांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली. पुढच्याच वर्षी माणसांवरही तसंच दिसलं.

शेतकऱ्याला हे एका शब्दात कळतं: वाफसा, म्हणजे जमिनीतली बेताची ओल. चिखल नको, ढेकूळही नको. म्हणून जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर स्वच्छ पट्टी. रोज बदलायची, भिजली तर लगेच, कारण कातडी पांढरी पडून फुगली तर तेही वाईट. जखमेच्या आत स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये. जंतूंबरोबर त्या चालणाऱ्या पेशीही मरतात.

हळदीतल्या कुरकुमिनवर प्रयोगशाळेत बरंच काम झालंय, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. आणि "भात खाल्ला की पू होतो" हे साफ खोटं आहे. पू जंतूंमुळे होतो. कोलॅजन बनवायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं. अशा वेळी जेवण तोडणं म्हणजे गवंड्याच्या विटा काढून घेणं. वरणभात पोटभर खावा, वर लिंबू पिळावं.

जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट बधिर असेल, लाली पसरत असेल किंवा मधुमेह असेल, तर घरी थांबू नये.

धनुर्वात गंजामुळे होतो असं समजतात. त्याचे बीजाणू माती-शेणात असतात, लोखंड चकचकीत असलं तरी. माती लागलेली जखम असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं. ताईंना शेवटचं इंजेक्शन धाकट्याच्या वेळचं, गरोदरपणातलं आठवत होतं. तो आता नववीत आहे. संध्याकाळी पिंपळगावला जाऊन त्यांनी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी वेलीच्या काड्यांवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, पेस्ट लावायची होती. त्यातलं हायड्रोजन सायनामाइड धडधाकट कातडीलाही भाजतं, म्हणून ताईंना काड्या वेचायला दिल्या. नवव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा खपली नव्हतीच. बोटाच्या टोकाला पातळ, गुलाबी कातडी आली होती.