ऐनाच्या फांदीला टांगलेला कोसा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील पानगळीच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडावर ऐनाची पाने झडून जातात, तेव्हा उघड्या फांद्यांना कुठे कुठे कोंबडीच्या लहान अंड्याएवढ्या, राखाडी किंवा पिवळसर टणक गोट्या लोंबताना दिसतात. हे टसर पतंगाचे कोष होत. पूर्व विदर्भात या कोषांना आणि त्यांच्या रेशमालाही ‘कोसा’ म्हणतात. पतंगाचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा.

पान गळते, पण कोष गळत नाही. तुतीचा रेशीमकिडा माणसाने दिलेल्या चंद्रिकेत, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या चौकटीत, आरामात कोष विणतो, त्याला ही चिंता नसते. टसरच्या अळीचे घर मात्र पानझडी झाडावर असल्याने ती केवळ पानांच्या भरवशावर राहत नाही: फांदीभोवती रेशमाचे घट्ट कडे गुंडाळून त्यापासून चिवट देठ विणते आणि त्याला लोंबणाऱ्या कोषात स्वतःला कोंडून घेते. रेशमाच्या डिंकासोबत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिकही कोषाच्या भिंतीत असल्याने ती इतकी कठीण होते की नुसत्या गरम पाण्याने धागा सुटत नाही, कोष सोड्याच्या पाण्यात शिजवावे लागतात. वर्षातील शेवटच्या पिढीचा कोशित या भिंतीआड हिवाळा आणि उन्हाळा झोपेत काढतो.

पावसाळा जवळ आला की पतंग बाहेर येतो, आणि तोही कोष न कुरतडता. कुरतडण्याजोगे तोंडच त्याला नसते. तो कोकूनेज नावाचे विकर पाझरवून देठाजवळचा डिंक विरघळवतो आणि मोकळे झालेले धागे बाजूला सारतो. पंखांवर पारदर्शक डोळे मिरवणारा हा देखणा जीव पुढे काहीही न खाता जेमतेम आठवडाभर जगतो. पिसासारख्या स्पर्शिकांनी मादीचा गंध टिपत नर रात्री तिच्याकडे पोहोचतो. मादी साधारण दोनशे अंडी घालते.

हिरव्यागार अळ्या ऐन, अर्जुन, बोर यांच्या पानांवर वाढत चार वेळा कात टाकतात. त्या उघड्या झाडावर असल्याने मुंग्या, गांधीलमाश्या आणि पक्षी टपलेलेच असतात; म्हणून अळ्या पाळणारे ढिवर समाजातील लोक दिवसभर झाडांची राखण करतात. बियाण्यासाठी राखलेल्या कोषांच्या ते माळा करून टांगतात, आणि उरलेल्या देठांचेही जाडेभरडे सूत निघते.