स्लेड

इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागातील रॉक बँड. नॉडी होल्डर (१५ जून १९४६ –, गायन, गिटार), जिम ली (१४ जून १९४९ –, बेस गिटार, व्हायोलिन, पियानो), डेव्ह हिल (४ एप्रिल १९४६ –, मुख्य गिटार) आणि डॉन पॉवेल (१० सप्टेंबर १९४६ –, ड्रम) हा चौघांचा संच १९६६ पासून १९९२ पर्यंत कायम राहिला. १९७१ ते १९७६ या काळात त्यांची ओळीने १७ गाणी ब्रिटिश विक्रीयादीत पहिल्या विसांत आली व त्यांतील सहा पहिल्या क्रमांकावर गेली. ग्लॅम रॉकची (भडक, चमकदार वेषांत सादर होणाऱ्या रॉकची) लाट १९७५ च्या सुमारास ओसरली. तिच्यातील अनेक नावे आता जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांपुरती उरली आहेत. स्लेडची गाणी ब्रिटनमध्ये अजून चारचौघांत मोठ्याने म्हटली जातात.

वुल्व्हरहॅम्प्टन, वॉलसॉल, बिल्स्टन ही त्यांची गावे. कोळसा आणि लोखंडाच्या धंद्यामुळे या पट्ट्याला ‘ब्लॅक कंट्री’ म्हणतात (वुल्व्हरहॅम्प्टन त्यात मोडते की नाही, यावर तेथील रहिवाशांचे एकमत नाही). हिलचा जन्म डेव्हन परगण्यातला, पण तो वाढला येथेच. आरंभी ‘द इन-बिट्वीन्स’ या नावाने वाजवणाऱ्या या मंडळींनी १९६९ मध्ये फोंटाना या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी ‘अँब्रोज स्लेड’ या नावाने पहिला अल्बम केला. या नावाची कथा अशी सांगतात, की कंपनीतील एक चिटणीस बाई आपल्या वस्तूंना माणसांसारखी नावे देत असे. तिच्या हँडबॅगेचे नाव अँब्रोज आणि बुटांचे स्लेड. कथा बरीच प्रचलित असली तरी ती मुख्यतः संबंधितांच्या आठवणींवरच उभी आहे. त्याच वर्षी, ‘अ‍ॅनिमल्स’ या बँडचा माजी बेसवादक आणि जिमी हेंड्रिक्सचा व्यवस्थापक चॅस चँडलर याने त्यांची सूत्रे हाती घेतली. त्याने अँब्रोज गाळला आणि चौघांचे केस कापून त्यांना ‘स्किनहेड’ तरुणांच्या वेषात उभे केले. मारामाऱ्यांसाठी बदनाम झालेल्या त्या वेषामुळे कार्यक्रम मिळणे अवघड झाले व वर्षभरात केस पुन्हा वाढले. जाड बुटांचा कामगारवर्गीय श्रोता मात्र त्यांना याच काळात लाभला असावा.

स्लेडला ग्लॅम रॉकमध्ये घालावे की नाही, हा वाद ग्लॅमच्या उगमाशी जोडलेला आहे. बहुतेक लेखक ‘टी. रेक्स’ या बँडच्या मार्क बोलनपासून सुरुवात करतात: मार्च १९७१ मध्ये तो बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये डोळ्यांखाली चमकी लावून आला. गायक डेव्हिड बोवीचे पक्षपाती हा मान फेब्रुवारी १९७० मधील लंडनच्या राउंडहाउस सभागृहातल्या, चित्रविचित्र पोशाखांतील कार्यक्रमाला देतात. पुरुषाने बाईचा भडक वेष घेऊन हशा पिकवायचा, या ब्रिटिश ‘पँटोमाइम’च्या परंपरेपर्यंत मागे जाणारेही आहेत. मार्च १९७१ ही निदान सोयीची सीमारेषा आहे, आणि तिच्यानुसार स्लेड या लाटेच्या पहिल्याच वर्षात बसतात. अडचण वेगळी आहे. बोलन व बोवी यांच्या वेषात स्त्री-पुरुष भेद पुसट करण्याचा डाव होता. डेव्ह हिलचा कपाळावर आखूड कापलेला केशसंभार, रुपेरी झगे, उंच टाचांचे बूट आणि ‘सुपरयॉब’ नावाची गिटार यांत तसे काही नव्हते. तो जत्रेतला सोंगाड्या होता. होल्डरच्या उंच टोपीवर बसवलेले आरसे प्रकाशझोत उलट प्रेक्षकांवर फेकत. पेहरावाने ग्लॅम, आवाजाने नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्यांच्या गाण्यांच्या नावांतील चुकीची स्पेलिंगे हा आणखी एक चघळला गेलेला विषय. देवनागरीत तो सांगणे कठीण, कारण आपली लिपी उच्चार लिहिते आणि चूक तिच्यात विरघळून जाते. ‘कॉझ आय लव्ह यू’ (१९७१) या नावातील ‘लव्ह’ मूळ छपाईत एल-यू-व्ही असा आहे. ‘कम ऑन फील द नॉइझ’ (१९७३) मध्ये ‘कम’ सी-यू-एम असा आणि ‘नॉइझ’च्या अंती एसऐवजी झेड. ‘मामा वुईर ऑल क्रेझी नाउ’ (१९७२) मधल्या ‘क्रेझी’ला शेवटी दोन ई आहेत. ही ब्लॅक कंट्रीची बोली आहे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्याला आधार आहे, पण अर्धाच. दक्षिण इंग्लंडमध्ये जेथे ‘लव्ह’, ‘कम’ म्हणतात तेथे या भागात ‘लुव्ह’, ‘कुम’ याच्या जवळ जाणारा ऱ्हस्व स्वर येतो. तेव्हा यू हे अक्षर बोलीचे द्योतक मानता येईल. ‘टेक मी बॅक ओम’ (१९७२) मधला गळालेला ‘ह’ तर स्पष्टच बोलीतला. ‘क्रेझी’ आणि ‘स्क्वीझ मी प्लीझ मी’ (१९७३) मधला ‘स्क्वीझ’ यांच्या बदललेल्या अक्षरांनी मात्र उच्चारात काहीही फरक पडत नाही. तेथे चूक फक्त डोळ्यांना दिसते. गोड प्रेमगीताचे वाटणारे नाव रांगडे दिसावे एवढाच मूळ हेतू असावा आणि बोलीचे समर्थन मागाहून आले असावे. शिक्षकांनी व्हायची ती ओरड केली. ‘माय फ्रेंड स्टॅन’ (१९७३) पासून स्पेलिंगे बरीचशी ताळ्यावर आली. ‘मेरी एक्समस एव्हरीबडी’ या त्यांच्या नाताळच्या गाण्यातील ‘एक्समस’ची गणना कधीकधी याच यादीत होते, ती चूक आहे, त्यातला एक्स ग्रीक लिपीतील ख्रिस्ताच्या नावाचे आद्याक्षर असून हे संक्षिप्त रूप कित्येक शतके जुने आहे.

संगीताच्या अंगाने पाहता या गाण्यांची घडण प्रेक्षकांपासून सुरू होते. लिटल रिचर्डच्या धाटणीवरून उचललेल्या ‘गेट डाउन अँड गेट विथ इट’ (१९७१, १६ वा क्रमांक) मध्ये होल्डर श्रोत्यांना टाळ्या वाजवायला, पाय आपटायला आणि बूट काढायला सांगतो. कार्यक्रमात यावर होणारा गोंगाट तबकडीतही हवा, हे चँडलरने हेरले. ‘कॉझ आय लव्ह यू’ या पहिल्या अव्वल गाण्यात लीच्या व्हायोलिनखाली बुटांचे ठोके मुद्दाम भरलेले आहेत. ‘स्लेड अलाइव्ह!’ (१९७२) हा अल्बम ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या कमांड स्टुडिओत चाहत्यांना समोर बसवून तीन रात्रींत मुद्रित झाला. ‘कम ऑन फील द नॉइझ’चा विषयच हा गोंगाट आहे. विक्रीयादीत पहिल्याच आठवड्यात अव्वल ठरलेले ते १९६९ नंतरचे, म्हणजे बीटल्सच्या ‘गेट बॅक’नंतरचे, पहिले गाणे. या गाण्यांची धृपदे सर्वांना झेपतील अशी सोपी आहेत, आणि त्यांवर होल्डरचा करवतीसारखा आवाज; त्यांच्या टिकाऊपणाची दुसरी कारणे शोधण्याची फारशी गरज पडत नाही.

जुलै १९७३ मध्ये पॉवेलला भीषण मोटार अपघात झाला. सोबतची तरुणी दगावली; तो वाचला, पण नजीकच्या गोष्टींची स्मृती कायमची अधू झाली. काही आठवड्यांतच न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत, ऐन उन्हाळ्यात, ‘मेरी एक्समस एव्हरीबडी’ मुद्रित झाले. धृपद होल्डरच्या १९६७ मधील टाकून दिलेल्या गाण्यातले, कडव्यांची चाल लीची. समूहस्वराला घुमारा यावा म्हणून तो भाग इमारतीच्या मार्गिकेत गायला गेला. गाणे डिसेंबरात आले तेव्हा खाणकामगारांनी जादा काम बंद केल्यामुळे ब्रिटनमध्ये विजेची टंचाई होती आणि सरकारने नववर्षापासून तीन दिवसांचा कामाचा आठवडा जाहीर केला होता. प्रतींची विक्री दहा लाखांवर गेली. दर डिसेंबरात ते दुकानांतून, पबांतून वाजते आणि डाउनलोड मोजले जाऊ लागल्यापासून विक्रीयादीतही परतते. होल्डर त्याला गमतीने आपले निवृत्तिवेतन म्हणतो.

‘फ्लेम’ (१९७५, दिग्दर्शक रिचर्ड लॉनक्रेन) हा त्यांचा चित्रपट एका काल्पनिक बँडच्या फसवणुकीची करडी कहाणी सांगतो. हसऱ्या स्लेडची सवय झालेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही. आज मात्र त्याची गणना रॉकवरील चांगल्या ब्रिटिश चित्रपटांत होते. त्यानंतर अमेरिकेत जम बसवण्याचा प्रयत्न फसला आणि परतेपर्यंत ब्रिटनमध्ये पंक हा नवा, खडबडीत रॉक आला होता. ऑगस्ट १९८० मध्ये रेडिंग महोत्सवात ऑझी ऑसबोर्नच्या ऐनवेळी रिकाम्या झालेल्या जागी ते उभे राहिले. हेवी मेटलच्या त्या श्रोत्यांनी भर उन्हाळ्यात नाताळचे गाणे म्हटले. अमेरिकेत त्यांना जे साधले नाही, ते ‘क्वाएट रायट’ या अमेरिकन बँडने १९८३ मध्ये ‘कम ऑन फील द नॉइझ’ पुन्हा गाऊन साधले (पाचवा क्रमांक). १९९६ मध्ये ‘ओएसिस’ या ब्रिटिश बँडनेही तेच गाणे मुद्रित केले.

होल्डर १९९२ मध्ये बाहेर पडला, लीनेही वाजवणे थांबवले. हिल व पॉवेल यांनी ‘स्लेड २’ काढले आणि पुढे नावातला दोनचा आकडा गळाला. पॉवेल २०२० मध्ये वेगळा झाला. मूळ चौघांपैकी आता एकटा हिल त्या नावाने दौरे करतो, बहुधा डिसेंबरच्या तोंडावर.