रोहित्राच्या पोटातला वायू

रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाल्याचं कळतं ते एका क्षणात, पण बिघाड बहुतेकदा कितीतरी आधी सुरू झालेला असतो. तांब्याच्या वेढ्यांवर गुंडाळलेला कागद एखाद्या जागी करपतो आणि शेजारचे दोन वेढे एकमेकांना टेकतात. तेवढ्या भागाचं बंद वर्तुळ तयार होतं आणि त्यात प्रचंड प्रवाह फिरू लागतो. बाहेर लाइनवर मात्र त्याचा जवळजवळ पत्ताच लागत नाही. शेकडो वेढ्यांपैकी एकाची गडबड लाइनच्या करंटमध्ये जेमतेम उमटते, त्यामुळे करंटवर नजर ठेवणारा रिले, म्हणजे बिघाड ओळखून इशारा देणारं उपकरण, स्वस्थ असतो आणि रोहित्रात भरलेलं तेल करपत राहतं.

१९२१ साली जर्मनीत माक्स बुखहोल्ट्स यांनी या कोड्याला वेगळ्याच बाजूने हात घातला. तेल जास्त तापलं की त्याचे रेणू तुटतात आणि वायू सुटतो. हलका असल्यामुळे तो वर जाणारच, मग त्याच्या वाटेवरच पहारा का बसवू नये? मला ही कल्पना वीजतंत्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. बिघाड स्वतःच निरोप्या निर्माण करतो, आपण फक्त त्याला अडवायचं.

ती वाट आयती तयार होती. तापल्यावर तेल फुगतं. हजार लिटर तेलाचं तापमान ४० अंशांनी वाढलं, तर ते साधारण ३० लिटरने वाढतं. या वाढीला जागा हवी म्हणून मोठ्या रोहित्राच्या टाकीवर एक आडवं पिंप असतं, त्याला कॉन्झर्व्हेटर म्हणतात. टाकी आणि पिंप जोडणाऱ्या, किंचित चढ दिलेल्या पाइपात बुखहोल्ट्स रिले बसवलेला असतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ३३/११ केव्ही उपकेंद्रात कुंपणाबाहेरूनही तो ओळखता येतो. दोन्ही अंगांना काच असलेली धातूची छोटी पेटी, काचेवर घनसेंटीमीटरच्या खुणा आणि डोक्यावर इवलीशी तोटी.

एरवी पेटी तेलाने काठोकाठ भरलेली असते. आत दोन तरंगते गोळे असतात, एक वर आणि एक खाली. हळूहळू वायू साठला की तो छताशी जमतो, तेलाची पातळी खाली सरकते, वरचा गोळा उतरतो आणि कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते. रोहित्र चालूच राहतं, कारण तपासायला अजून वेळ असतो. आत जोरदार ठिणगी पडली तर गोष्ट वेगळी. वायू एकदम फुटतो आणि तेलाचा लोंढा पाइपातून वर धावतो. त्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास गेला की खालच्या गोळ्याजवळची झडप ढकलली जाते आणि ब्रेकर ताबडतोब ट्रिप होतो. टाकीला गळती लागून तेल फार उतरलं, तरी आधी घंटा आणि मग ट्रिप, हाच क्रम. हे सगळं गुरुत्वाकर्षण आणि तेलाच्या लोंढ्याच्या जोरावर चालतं. गोळा खाली यायला कुठलाही वीजपुरवठा लागत नाही.

घंटा वाजली म्हणजे बिघाडच असेल असं नाही. तेल नुकतंच फिल्टर केलं असेल, तर अडकलेली हवा सुटून पेटीत येते. म्हणून तोटीतून वायूचा नमुना घेतात. तो हवाच निघाला तर काळजी नाही, जळणारा निघाला तर तेल फुटतंय हे नक्की. आधीच्या रिलेंमध्ये पाऱ्याचे स्विच असत आणि भूकंपाच्या हादऱ्याने ते उगाच जुळत. पुढे त्यांच्या जागी चुंबकावर चालणारे स्विच आले.

पण पेटीत दिसण्याइतका वायू जमेपर्यंत का थांबायचं? सुटलेला वायू आधी तेलातच विरघळतो. त्यामुळे माणसाचं रक्त तपासावं तसं तेल तपासतात. काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न येऊ देता नमुना घेतात आणि दहा लाखांत किती भाग कोणता वायू आहे ते मोजतात. प्रत्येक वायू आपापली हकिकत सांगतो. नुसता हायड्रोजन वाढला तर बारीक विद्युत विसर्ग चालू आहेत. एथिलीन वाढलं तर कुठेतरी जोड किंवा धातूचा भाग फार तापतोय. कार्बन मोनॉक्साइड कागदाकडे बोट दाखवतो. आणि ॲसिटिलीन, म्हणजे गॅस वेल्डिंगवाल्याच्या नळकांड्यातला तोच वायू, वाढू लागला की जाणकार दचकतात. तो मुख्यतः आर्किंगच्या, म्हणजे सलग पेटत्या ठिणगीच्या, भयंकर उष्णतेतच तयार होतो. कॅनडातल्या हायड्रो-क्यूबेकचे मिशेल ड्युव्हाल यांनी मिथेन, एथिलीन आणि ॲसिटिलीन यांचं प्रमाण एका त्रिकोणावर मांडलं. बिंदू कोणत्या भागात पडतो यावरून रोगाचा अंदाज येतो, आणि हा त्रिकोण आज जगभर वापरला जातो.

आता डीपीकडे येऊ. खांबावरच्या ६३ किंवा १०० केव्हीएच्या छोट्या रोहित्राला यातलं काहीच नसतं. बुखहोल्ट्स रिले नाही, वायूची तपासणी नाही. त्याचं रक्षण फ्यूजवर अवलंबून, आणि त्यात योग्य तारेऐवजी जाड तार घातली की तेही संपलं. रब्बीत सगळे पंप एकदम चालू होतात. लोड दुप्पट झाला की तांब्यातली उष्णता चौपट होते. कागदाचं तापमान दर सहा-आठ अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. मग डीपी जळते आणि दुसरी येईपर्यंत गहू-हरभरा पाण्यावाचून उभा राहतो.

प्रत्येक डीपीला बुखहोल्ट्स रिले परवडणार नाही, हे खरं. पण २०२१ साली सुरू झालेल्या केंद्राच्या आरडीएसएस या वीजवितरण सुधारणेच्या योजनेत वितरण रोहित्रांवर संवाद साधणारे मीटर बसवण्याची तरतूद आहे. असा मीटर तिन्ही फेजचा करंट दूरवर कळवू शकतो. एका फेजवर सगळा भार आणि बाकी दोन रिकामे, हे डीपी जळण्याचं नेहमीचं कारण त्यात सरळ दिसतं. हे आकडे वीजहिशेब आणि गळती शोधण्यासाठी लागतातच. तेच आकडे त्या भागातल्या लाइनमनच्या मोबाइलवरही जायला हवेत, कारण भार एका फेजवरून दुसऱ्यावर घ्यायचं काम त्याचंच आहे.