तप्त गुरू

दुसऱ्या एखाद्या ताऱ्याला अगदी बिलगून, बहुधा दहा दिवसांच्या आत त्याच्याभोवती एक फेरी पूर्ण करणाऱ्या, गुरूच्या जातीच्या महाकाय वायुग्रहाला ‘तप्त गुरू’ किंवा ‘हॉट ज्युपिटर’ म्हणतात. आपल्या गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षे लागतात.

या वर्गातला पहिला ग्रह, ५१ पेगासी बी, मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी १९९५ मध्ये फ्रान्समधील वेधशाळेतून शोधला; २०१९ च्या भौतिकीच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा निम्मा वाटा होता. ग्रह डोळ्यांना दिसला नव्हता. त्याच्या ओढीने तारा दर ४.२ दिवसांनी सेकंदाला सुमारे ५६ मीटर वेगाने पुढेमागे डोलत होता, आणि हे डोलणे वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून उमगले. सुमारे ५० प्रकाशवर्षांवरचा तो तारा सोलापूरच्या आकाशात जवळजवळ माथ्यावरून, खस्वस्तिकापासून जेमतेम तीन अंश उत्तरेकडून जातो. दिवाळीच्या सुमारास रात्री साडेआठ-नऊ वाजता, शहराच्या दिव्यांपासून दूर एखाद्या माळावर उभे राहिल्यास, पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्याजवळ, किंचित पश्चिमेला, तो अंधुक ठिपक्यासारखा नुसत्या डोळ्यांनीही सापडतो.

इतक्या जवळ असलेल्या ग्रहाची एकच बाजू, भरती-ओहोटीच्या बलांमुळे, कायम ताऱ्याकडे राहते असे मानले जाते. वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशीपलीकडे गेला तरी दिवेलागणीनंतर घरावरचे पत्रे निवू लागतात. तप्त गुरूच्या उजेडाच्या बाजूला दिवस मावळतच नाही. केल्ट-९ बी या ग्रहाच्या त्या बाजूचे तापमान ४,००० अंश सेल्सिअसच्या वर असून त्याच्या वातावरणात लोखंडाची वाफ आढळली आहे.

असा ग्रह ताऱ्याच्या एवढ्या जवळ जन्मला असेल, हे पटणे कठीण आहे. तो दूर, थंड भागात घडून नंतर आत सरकला असावा, हे मत अधिक मान्य आहे. नव्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीने त्याला आत आणले की दुसऱ्या ग्रहाच्या धक्क्याने लांबोळकी झालेली कक्षा पुढे आक्रसत गेली, यावर वाद आहे. सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे फार तर एखाद्याभोवतीच असा ग्रह असतो. आधी सापडले म्हणून त्यांना सर्वसामान्य समजू नये. मोठे वस्तुमान आणि छोटी कक्षा यांमुळे ते हाती लागायला सोपे, एवढेच.

एचडी ८६०८१ या ताऱ्याभोवती २.१ दिवसांत फिरणाऱ्या तप्त गुरूचे नामकरण २०१९ मध्ये भारताकडे आले. भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ ताऱ्याला ‘बिभा’ आणि ग्रहाला ‘संतमस’ हे नाव मिळाले.