दाढेची सूज जबड्याखाली उतरते तेव्हा

ठणकणारी दाढ अचानक शांत झाली की संकट टळले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात अनेकदा दाताचा गाभा, म्हणजे आतील नस आणि रक्तवाहिन्या, मृत झालेला असतो; संवेदना जाते, परंतु जंतूंची वाढ चालूच राहते आणि ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात.

तेथे साचलेला पू हाड जिथे पातळ असेल तिथून वाट काढतो. खालच्या जबड्याच्या आतील बाजूस मायलोहायॉइड हा स्नायू तिरका जोडलेला असतो आणि तोंडाचा तळ त्याचाच बनलेला असतो. पुढच्या दातांची मुळे सहसा या जोडरेषेच्या वर संपतात, त्यामुळे आतल्या बाजूने फुटलेला त्यांचा पू जिभेखाली साचतो. दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळे मात्र बहुधा रेषेच्या खाली पोहोचतात, म्हणून त्यांचा पू जबड्याखाली उतरतो. स्नायूच्या मागच्या कडेपाशी या दोन्ही जागा एकमेकींना मिळतात. संसर्ग दोन्ही बाजूंना पसरला की तोंडाचा तळ लाकडासारखा कडक होतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रीड्रिख फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णिलेली ही अवस्था ‘लुडविग अंजायना’ म्हणून ओळखली जाते. हृदयविकारातल्या ‘अंजायना’शी तिचा संबंध नाही.

म्हणूनच श्वासाला त्रास होणे, थुंकी गिळता न येऊन लाळ गळणे, आवाज बदलणे, तोंड नीट न उघडणे, सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे पसरणे, थंडी वाजून ताप येणे वा गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. श्वास अडत असेल तर रुग्णाला आडवे न करता बसवूनच न्यावे. सूज हिरडीपुरतीच असली तरी शक्यतो त्याच दिवशी दंतवैद्यास दाखवावे, आणि मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच थांबू नये.

उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण औषध रक्तातून पोहोचते आणि मृत गाभ्यात रक्तपुरवठाच नसतो. धुरी देऊन दातातला ‘किडा’ काढून दाखवणे ही तर निव्वळ फसवणूक आहे. असा किडा नसतोच, आणि तेवढ्यात मोलाचा वेळ जातो. सूज असताना दात काढू नये, हेही सरसकट खरे नाही: पुवाला वाट करून देणे आणि रूट कॅनॉल करून किंवा दात काढून संसर्गाचे मूळ दूर करणे, हाच उपचार आहे.